तणमोर नाचायला लागला

१४ जुलै, सोमवार

अंगणवाडीतून रिटायर झाले तेव्हा म्हणलं, सुटले बाई या लिहिण्यातून. पण हाताची खाज जात नाही. आजपासून पुन्हा लिहायचं. हे सरकारी लिहिणं नाही, घरचं आहे, कुणाला शिव्या द्याव्या वाटल्या तर खुशाल देईन.

लिंबागणेशहून येणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, आमच्या माळावर, तणमोराचं पैदास केंद्र निघालंय. तणमोर म्हणजे कोंबडीएवढं पाखरू, उंच गवतात राहणारं. आमच्या आज्यापणज्यांनी पाहिलेलं, आम्ही नुसतं नाव ऐकलेलं. अख्ख्या देशात आता फार थोडे राहिलेत म्हणे. बाहेरून अंडी आणली, यंत्रात उबवली, पाच पिलं निघाली. ती वाढवायची आणि पाऊसकाळ सरता सरता आमच्याच गायरानात सोडायची. चारायचं काम मला लागलं. गावातली निम्मी लेकरं माझ्या हातची खिचडी खाऊन वाढलीत, मग पाखरं काय सरपंच वाढवणार?

स्वप्ना मॅडम केंद्राच्या डॉक्टरीण. वयानं माझ्या लेकीसारख्या, पण शिस्त हेडमास्तरची. पिलांशी बोलायचं नाही, जवळ घ्यायचं नाही, नावं ठेवायची नाहीत. "माणसाची सवय लागली तर बाहेर टिकणार नाहीत, मावशी." मी हो हो म्हणलं आणि घरी पोचायच्या आत पाचांची नावं ठेवून मोकळी झाले. मुंजाजी खादाड. चिंगी भांडखोर. मग भोपळ्या आणि शेपटी. आणि एक मुकी, कोपऱ्यात उभी राहून दुसऱ्यांचं खाणं बघणारी.

गावानंही मन मोठं केलं. ग्रामसभेत गायरानाचा मोठा तुकडा चराईला बंद केला. कडेच्या शेतकऱ्यांनी यंदा विषारी फवारणी करायची नाही, मॅडम देतील तो लिंबोळीचा अर्कच मारायचा, असं ठरलं. पिलांना ठेवलेल्या जाळीला लागून पहिलं रान आमचंच. माझ्या अंगदनं सगळ्यांच्या आधी उठून बेलभंडार उचलला. देवाचा बेल आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नसतो. सुंदरराव, आमचे माजी सरपंच, भर सभेत म्हणाले, "वनमालावैनी, लेक असावा तर असा." मला रडूच आलं.

१७ जुलै

पिलांना जिवंत किडे लागतात, त्यातही नाकतोडे. ते आणायचं काम छबुबाईकडं. छबुबाई म्हणजे बिभीषणची बायको, शेळ्यामेंढ्यांवर चालणारं घर. माळ बंद झाल्याचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच, म्हणून मॅडमनी हे काम त्यांना दिलं. ती सकाळी दवात जाते, जुन्या मच्छरदाणीची झोळी गवतावरून फिरवते आणि डबा भरून आणते. झाकण उघडायचा अवकाश, निम्मे माझ्या पदरावर. मुंजाजीची काय धावपळ होते ते धरताना!

छबुबाईचं एकच खटकतं. मला शिकवते. "बाई, लई नका घालू. पोट फुटंल पाखराचं." अगं, तुझी चार लेकरं कुणाच्या हाताखाली वाढली? माझ्या अंगणवाडीत वजनाच्या तक्त्यावर एक लेकरू लाल रेषेखाली गेलं नाही कधी.

दुपारी बिभीषण जाळीबाहेर टेकला होता. मी विचारलं, का हो, हे पाखरू नाचतं म्हणतात ते खरं का? तो म्हणला, "म्या न्हाई बगितलं. आमचा म्हातारा सांगायचा. गवतातून सरळ वर उडी हानतं, वर टर्रर्र करतं आन खाली. दिसभर त्येच. म्हातारा म्हनायचा, त्ये नाचलं की समजायचं माळ जित्ता हाय." मी म्हणलं, मोर म्हणल्यावर नाचणारच की. नावातच आहे.

२३ जुलै

पावसानं डोळे वटारलेत. माळावरचं गवत पिवळं पडायला लागलं आणि छबुबाईचा डबा निम्म्यावर आला. आज भांडण झालं.

मी म्हणलं, "एवढेच?"

"माळावर हायत तेवढे आणले बाई. मी का घरी उबवते नाकतोडे?"

"आणि पिलं उपाशी राहिली तर?"

"न्हाई ऱ्हात उपाशी. कमी खात्याल. बाहेर सोडल्यावर कोन वाढनारे त्यास्नी ताटात?"

"मला अक्कल शिकवू नको, छबे."

डबा आपटून गेली. मुंजाजीचं वजन थोडं घटलंय, काट्यावर मी स्वतः बघितलं. मॅडमला सांगितलं तर त्या म्हणतात, चालतं मावशी, कमी पडलं तर ट्रेमधल्या अळ्या घाला. पिठात वाढवलेल्या पिवळ्या अळ्या असतात त्या. मला बघवत नाहीत. अंगणवाडीत पाकीटबंद आहार यायचा, तो लेकरं तोंडात घेऊन थुंकायची, शेवटी म्हशींना जायचा. हे तसलंच. ताजं ते ताजं.

२५ जुलै, शुक्रवार

मॅडमच्या वडिलांना नाशिकला दवाखान्यात घातलंय, त्या तातडीनं निघाल्या. मदतनीस मुलगा आधीच सुट्टीवर गेलता. म्हणजे केंद्र आता माझ्यावर. जाताना दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मावशी, दुसरं काही नाही जमलं तरी चालेल. गायरानाबाहेरचा एकही किडा जाळीत जाऊ द्यायचा नाही. कमी पडलं तर अळ्या."

मी म्हणलं, तुम्ही वडिलांचं बघा, इथली फिकर सोडा. किल्ली कमरेला लावली. खरं सांगते, बरं वाटलं.

२६ जुलै

छबुबाईचा डबा आज तळ झाकण्यापुरता. पिलं जाळीला चोची मारत होती. मला राहवेना. अंगद बाजाराला गेलता, म्हणून आमच्या रानात शिरले.

सोयाबीनमध्ये नाकतोडेच नाकतोडे! आणि किती गुणाचे! ऊन डोक्यावर आलेलं, तरी एकानं उडी मारली नाही. पानावर बसल्या जागी बसून. झोळी नको, काही नको. भेंडी तोडावी तसे वेचले. आमच्या घरचे नाकतोडेसुद्धा छबुबाईपेक्षा समजूतदार.

मॅडमचा शब्द आठवला, नाही असं नाही. पण आमचं रान आणि गायरान यांच्यात एक बांध आहे फक्त. नाकतोड्याला बांध कळतो का? आणि आमच्या रानात विषाचा थेंब नाही, लेकानं बेलभंडार उचललाय. छबुबाईचे थोडे खाली, आमचे वर, असा डबा भरून नेला. मुंजाजीला पळावंही लागलं नाही. बसल्या जागी खाल्लं लेकरानं.

अंगदला बोलले नाही. तो म्हणेल, आई, तुला कशाला नसत्या उठाठेवी. आणि छबुबाईला कळलं तर गावभर करेल की बाईंना शेवटी स्वतः रानात जावं लागलं.

२८ जुलै

वजन वाढलं! मुकी सोडून चौघांचंही. छबुबाईला काटा दाखवला. ती म्हणाली, "एवढे नाकतोडे म्या न्हाई आणले बाई." मी म्हणलं, हाताला गुण लागतो.

अंगद रानातून आला तो डोळे लालभडक. जेवला आणि लगेच उलटी. ऊन लागलं म्हणतो. अंगाला असला उग्र वास की माझंच डोकं दुखलं. मी विचारलं, "हा कसला रे वास?"

"लिंबोळीचा अर्क, आई."

"लिंबोळीला असा वास?"

"जुना झालाय तो." आणि विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली जाऊन कितीतरी वेळ अंग धूत बसला. जपायला पाहिजे पोराला. रानात एकटा राबतो, सोयाबीनवर चक्रीभुंगा पडलाय म्हणून झोपत नाही.

आमच्या बांधावर दोन साळुंक्या मरून पडलेल्या. विजेच्या तारेला चिकटल्या असतील. तार तशी बरीच लांब आहे.

२९ जुलै, नागपंचमी

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सकाळी मनात पाल चुकचुकली होती. आजच्या दिवशी रानात कोयता चालवत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, आणि मी जीव धरायला निघालेले. पण सण आहे म्हणून लेकरं उपाशी ठेवतात का? नागोबाला हात जोडले आणि डबा भरून आणला.

दुपारी बाया वारुळाला जाऊन परत येत होत्या. नव्या साड्या, हातात लाह्या-दूध, तोंडात फेराची गाणी. जाळीपाशी थांबल्या. माणसं लांब ठेवायची हा मॅडमचा नियम, पण सणाच्या दिवशी कुणाला हाकलू? आणि तेवढ्यात मुंजाजीनं उडी मारली!

उडी म्हणजे उडी! मान मागं टाकली, पंख पसरले आणि सरळ वर. धप्पकन खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. एका अंगावर पडायचा, पाय झाडायचा की उठलाच. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. कुणीतरी फेराचं गाणं उचललं, बाहेर यांचा फेर आणि आत त्याचा. छबुबाईसुद्धा भांडण विसरून माझ्या खांद्याला धरून हसत होती. बिभीषण शेळ्या सोडून पळत आला. हात जोडून उभा राहिला, डोळ्याला धार. "म्हाताऱ्याचं बोलनं खरं निगालं बाई. माळ जित्ता हाय."

सुंदररावांनी मोबाइलवर सगळं घेतलं. म्हणाले, "वनमालावैनी, तुमच्या हाताला यश आलं. उद्या जिल्ह्यात नाव होतं का न्हाई बगा."

नाचून नाचून मुंजाजीच्या चोचीला फेस आला. मग बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. दमलं लेकरू.

३० जुलै

सुंदररावांनी त्या व्हिडिओला हलगी लावली. हलगीच्या ठेक्यावर मुंजाजी उडतोय, असं बरोबर जमवलंय. तलवाड्याहून फोन, सिरसाळ्याहून फोन. माझा भाचा पुण्याला असतो, त्याच्याकडं तिसऱ्याच माणसाकडून पोचला. मॅडमलाही पाठवलाय, पण एकच टिक दिसते. दवाखान्यात फोन बंद असेल.

आज चिंगीही नाचली. भोपळ्या बसूनच नाचतो, नुसती मान आणि पंख हलवतो, पाय उचलत नाही. मुंजाजी मात्र खाईना. काल गर्दी झाली, दृष्ट लागली असेल. मीठ-मोहरी उतरवून टाकली. मुकी तेवढी कोपऱ्यात उभी, हिला कशाचंच कौतुक नाही. डब्याकडं ढुंकूनसुद्धा बघत नाही ती, जाळीतल्या गवतात मिळेल तेवढंच टिपते.

जेवताना अंगदला व्हिडिओ दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणला, "आई, हे नाचतंय का?"

"मग काय करतंय?"

तो अर्धी भाकरी ताटात टाकून उठला. अन्नाचा असा अपमान मला आवडत नाही.

३१ जुलै

मुंजाजी गेला. सकाळी जाळीत शिरले तर कुशीवर पडलेला, मान तशीच मागं वळलेली. अंगावर मुंग्या.

मी तिथंच खाली बसले. एवढं वजन वाढवलं होतं मी त्याचं.

मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "मावशी, आत्ता बघितला व्हिडिओ. नीट ऐका. ही पिलं आहेत. पहिल्या वर्षी पिलू नाचत नाही. तो नाच नाहीये. ते झटके आहेत. काय चारलंत तुम्ही?"

मी म्हणलं, "नाकतोडेच. गायरानातलेच."

"सगळं चारणं बंद करा. नुसतं पाणी ठेवा, सावली करा. मी निघाले."

झटके. अंगणवाडीत एका लेकराला तापात झटके आले होते. मी त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात पळाले होते. तेव्हा मला लगेच कळलं होतं.

१ ऑगस्ट

मॅडम आल्या. वडिलांना तसंच सोडून आल्या. बॅग खाली ठेवायच्या आधी जाळीत शिरल्या, सुया दिल्या, चमच्यानं औषध पाजलं. चिंगी त्यांच्या हातात गेली. भोपळ्या तासाभरानं. शेपटी आणि मुकी राहिल्यात. शेपटीचे पाय ताठ झालेत.

"विष आहे, मावशी. फवारणीचं." तपासणीला नमुने पाठवले, पण उत्तर यायला वेळ लागेल म्हणाल्या. मग माझ्यासमोर बसून हळू आवाजात विचारलं, "गायरानातले सोडून दुसरे कुठले किडे आले होते का? मी रागावणार नाही. मला फक्त कळलं पाहिजे."

मी नाही म्हणलं.

इथं खरं लिहिते. आमच्या रानाचं नाव तोंडापर्यंत आलं होतं. पण कशाला? आमचं रान स्वच्छ. उगाच लेकाच्या नावाला डाग, गावात इज्जतीचा पंचनामा, आणि खरा चोर राहतो बाजूला. कारण डोकं चालवलं तर दिसतंच आहे. माळ बंद झाल्यानं कुणाचं पोट जळालं? डबा कुणाच्या हातचा? माझ्यावर कुणी खार खाऊन होतं? आणि छबुबाई दिवसातून चारदा जाळीपाशी येऊन विचारते, बाई, कसं हाय पाखरू? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मॅडमला सांगितलं नाही अजून. पण सांगणार.

४ ऑगस्ट, सोमवार

शेपटी गेली. आता एक मुकी.

ग्रामपंचायतीपुढं बैठक झाली. सुंदरराव रागानं लाल. त्यांचा व्हिडिओ जिल्हाभर गेलेला आणि आता ही बातमी. "कुनी केलं ते कळल्याशिवाय उठनार न्हाई," म्हणाले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठले आणि बोलले. डबा कुणाकडून यायचा, माळाची तकरार कुणाची होती, भांडण कशावरून झालं. मॅडम मध्येच म्हणाल्या, तपासणी येऊ द्या, नाव घेऊ नका कुणाचं. कुणी ऐकलं नाही.

बिभीषण उठला. "बाई, आमी कावून मारू? नाच बगून रडलो की म्या तुमच्यासमोर." मी खाली बघितलं. छबुबाई माझ्याकडं बघत राहिली, बास.

ठरलं असं की बिभीषणची जनावरं कुठल्याच गायरानात येणार नाहीत, चराईला उघडं आहे त्या तुकड्यातसुद्धा. भर पाऊसकाळात शेळ्यामेंढ्या दावणीला बांधून काय चारतील ते चारतील.

अंगद सगळ्यांच्या मागं खांबाला टेकून उभा होता. शर्ट घामानं भिजलेला. घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडला. मी म्हणलं, "अरे, तुला काय झालंय?" तर म्हणला, "काही न्हाई. झोपू दे." हळवा आहे पोरगा. पाखरांचा लळा लागला असेल.

६ ऑगस्ट

गावात दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात, बाईंनी नाहक गरिबाचं नाव घेतलं. आणि मॅडम रोज तोच प्रश्न घेऊन बसतात, "मावशी, अजून काही आठवतंय का?" त्यांच्या बोलण्यात राग नाही, त्याचाच मला त्रास होतो.

छबुबाई आज वाटेत आडवी आली. म्हणाली, "बाई, माझ्या हातचे नाकतोडे तुमच्या कोंबडीला घाला. मेली तर म्या गाव सोडते."

मी म्हणलं, घालतेच. उद्या. सगळ्यांसमोर.

अंगणवाडीत मी आयांना असंच शिकवायचे. एका ताटात नुसता भात, एका ताटात भात-वरण-भाजी, बघा आता तुमच्या डोळ्यांनी. तसंच करायचं. एका कोंबडीला बिभीषणच्या शेळ्यांच्या वाड्याजवळच्या गायरानातले नाकतोडे, दुसरीला आमच्या स्वच्छ रानातले. विष तिकडं आहे हे एकदा उघड्यावर दिसू दे, म्हणजे मलाही झोप लागेल.

७ ऑगस्ट

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

अंगद तालुक्याला गेलता, म्हणून त्याला माहीत नव्हतं. अंगणात माणसं जमली. सुंदरराव खुर्चीवर. बिभीषण दाराबाहेरच उभा राहिला, आत ये म्हणलं तरी येईना. मॅडमना कुणीतरी सांगितलं, त्या पळत आल्या. "मावशी, कोंबड्यांवर असले प्रयोग करू नका, तपासणी येईलच." मी ऐकलं नाही. माझ्या दोन कोंबड्या, एक काळी, एक तांबडी, वेगवेगळ्या डालग्याखाली.

काळीला छबुबाईनं स्वतः चारलं. धरताना तिच्या हातातून दोन-तीन उडून गेले.

मग मी माझा डबा उघडला. सकाळीच वेचलेले. तांबडीला एकेक घालत गेले. मॅडम वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "हे हलत का नाहीत?"

"आमच्याकडचे असेच आहेत. गरीब," मी म्हणलं. "पिलांना घालत होते तेव्हाही असेच बसून असायचे."

माझ्या तोंडून काय गेलं ते मला सगळ्यांच्या नंतर कळलं.

मॅडमनी विचारलं, "कधी घालत होता?"

तेवढ्यात अंगद गाडीवरून आला. अंगणात माणसं बघितली, डालगी बघितली, माझ्या हातातला डबा बघितला. गाडी तशीच आडवी टाकून पळत आला आणि डबा हिसकावला. "आई, ह्ये कुठले? आपल्या रानातले? तू ह्ये घातलं पाखरांना?"

मी म्हणलं, "अरे, आपलं रान स्वच्छ आहे ना."

त्यानं डब्याचं झाकण दाबून लावलं. "परवाच मारलंय म्या. त्याच्या आधीबी दोनदा. भुंगा खात होता सगळं पीक. मला काय माहीत तू आपल्या रानातून नेतीस?"

मी त्याला मारायला हात उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. तेवढ्यात डालग्याखाली आवाज झाला. तांबडीनं मान मागं टाकली होती. पंख पसरले, वर उडाली, डालग्यावर आपटून खाली पडली. पुन्हा उडाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काळी कोंबडी शेजारी माती उकरत होती.

मी छबुबाईजवळ गेले. पाया पडायला वाकले तर ती दोन पावलं मागं सरली. "पाया नका पडू बाई," म्हणाली. "भरल्या सभेत नाव घेतलंत. तितंच जाऊन सांगा."

१० ऑगस्ट, रविवार

सांगितलं. ग्रामपंचायतीपुढं, त्याच जागी उभी राहून. नाकतोडे मी नेले, नियम मी मोडला, मॅडमशी खोटं बोलले, आणि छबुबाईचं नाव घेतलं. रडले नाही. रडले असते तर बायांनी मला पाणी दिलं असतं, जवळ घेतलं असतं, ते मला नको होतं.

अंगद माझ्यामागून उठला आणि त्याचं त्यानं सांगितलं. मग मॅडमनी एकच प्रश्न केला. जाळीच्या कडेला अजून कुणी फवारलंय? बेलभंडार उचललेले सगळे समोरच बसले होते. एकही मान वर झाली नाही. सुंदररावांचीही नाही. त्यांचं रान आमच्या पलीकडचं. म्हणजे पिलं मोठी झाली असती, सोडली असती, तरी बांध ओलांडला की संपलंच होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून जाळीभोवती विषाचं कुंपण घातलं होतं आणि आत नाच बघत बसलो होतो.

बिभीषणची चराई मोकळी झाली. तो शेळ्या सोडायला गेला तेव्हा माझ्या दारावरून न बघता गेला. मॅडम मुकीला घेऊन निघाल्या, दुसऱ्या केंद्रात. पुढच्या साली इथं अंडी येणार नाहीत. मी गाडीपाशी गेले. खोक्याला हात लावू का, असं विचारायची हिंमत झाली नाही. मॅडम म्हणाल्या, "हिनं डब्यातलं खाल्लंच नाही, मावशी, म्हणून वाचली." दार लावलं. त्यांचे वडील कसे आहेत तेसुद्धा मी विचारलं नाही.

घरात अंगद आणि मी. त्याला काय बोलू? विष त्यानं मारलं, घास मी भरवला.

दुपारी फोन आला. तलवाड्याच्या शाळेतले रामप्रसाद गुरुजी. आवाजात लई उत्साह. "बाई, तुमचा तो नाचणारा तणमोर! आमची पोरं वेडी झालीत. वर्गात हलगी वाजवून सगळे तसंच उडून दाखवतात. सहल घेऊन कधी येऊ?"

मी म्हणलं, "गुरुजी, ते नाचत नव्हतं. मरत होतं. माझ्या हातचं खाऊन."

फोनमध्ये मागं पोरांचा गलका तेवढा ऐकू येत होता. मग गुरुजी म्हणाले, "अरे अरे. मग पोरांच्या घरी सांगतो, ते मोबाइलमधून काढून टाका म्हणून."

"काढू नका," मी म्हणलं. "नुसती हलगी काढा आणि दाखवा."